मु. पो. मधलं ‘पो.’

गेल्या महिन्यात परळला आमच्या कोकणातल्या गावच्या मुंबईकर ग्रामस्थ मंडळाची सभा झाली. दीड तास देवळाच्या सभामंडपावर गेला, फरशी कुठली घालायची, ठेका कोणाला द्यायचा, घरटी वर्गणी किती, आणि मग शेवटच्या दहा मिनिटांत, लोक चहाचे कप खाली ठेवून लोकलची वेळ बघायला लागल्यावर, सेक्रेटरींनी गावाहून आलेलं एक पत्र वाचून दाखवलं. आमच्या गावचं पोस्ट ज्या घराच्या खोलीत आहे ते घर पाडून नवीन बांधतायत. दुसरी जागा मिळाली नाही तर पोस्ट शेजारच्या गावात न्यावं लागेल, सहा किलोमीटरवर. मंडळाने वाचनालयासाठी बांधलेली एक खोली गावात गेली कित्येक वर्षं बंदच आहे, ती पोस्टाला मिळेल का एवढंच पत्रात विचारलेलं होतं.

एक तरुण मुलगा उभा राहिला. चांगला मुलगा आहे, गावच्या प्रत्येक कामाला पुढे असतो. तो म्हणाला, काका, पोस्ट हवंय कोणाला आता, सगळं फोनवर होतं, त्या खोलीत जिम काढू. बऱ्याच जणांनी माना डोलवल्या. विषय पुढच्या सभेवर ढकलला. मला तिथे धड बोलता आलं नाही, गर्दीत मला सुचत नाही, म्हणून घरी येऊन हे लिहायला घेतलंय. आणि हे फक्त आमच्या गावापुरतं नाहीये. देशात साधारण १ लाख ६५ हजार पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यातली नव्वद टक्के खेड्यात आहेत, त्यामुळे हाच प्रश्न आज ना उद्या प्रत्येक गावाच्या सभेत येणार आहे.

आधी पत्त्याचंच घ्या. आपण सगळे गावचा पत्ता लिहिताना ‘मु. पो.’ असं लिहितो. मुक्काम आणि पोस्ट. ज्या गावाला स्वतःचं पोस्ट आहे त्याला दोन्ही एकत्र लिहिता येतं, ज्याला नाही त्याला लिहावं लागतं, मु. अमुक, पो. तमुक, म्हणजे राहतो इथे पण ओळखायचं दुसऱ्या गावाच्या नावाने. माझी आजी जेव्हा लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा तिच्या माहेरी पोस्ट नव्हतं आणि सासरी होतं, आणि ती हे म्हातारपणापर्यंत अभिमानाने सांगायची. मला तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. आता वाटतं.

कारण पिनकोडमध्ये आमचं गाव दिसतच नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच मराठी, संस्कृतचे मोठे पंडित. पहिला आकडा विभागाचा, म्हणून मुंबई पण ४ आणि मालवण पण ४, पुढचे आकडे त्या भागातल्या सॉर्टिंगचे, आणि शेवटचे तीन बटवडा करणाऱ्या पोस्टाचे. पण ते शेवटचे तीन आकडे थांबतात मोठ्या पोस्टावर, म्हणजे सब ऑफिसवर. त्याच्या हाताखालच्या गावोगावच्या ब्रँच पोस्टांना वेगळा नंबर नाही, सगळ्यांचा पिन एकच. मग सब ऑफिसमधून कुठलं पत्र कुठल्या बॅगेत टाकायचं हे कशावरून कळतं, तर त्या ‘पो.’ वरून. आणि गावात आल्यावर ते वरच्या वाडीतल्या चार सारख्या नावांच्या माणसांपैकी नेमकं कोणाचं, हे कळतं ते फक्त पोस्टात बसलेल्या माणसाला.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण ‘पोस्ट तोट्यात आहे’ हे वाक्य त्याच्याशिवाय नीट तपासता येत नाही. १८५४ च्या आधी टपालाचा दर अंतराप्रमाणे असायचा, जितकं लांब तितके जास्त पैसे, त्यामुळे पत्र ही सरकारची, व्यापाऱ्यांची आणि सावकारांची चीज होती. १ ऑक्टोबर १८५४ पासून सगळ्या देशाला एकच दर झाला, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावात जाऊ दे नाहीतर देशाच्या दुसऱ्या टोकाला. हा कायदा इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी केला हे मला मान्य आहे, पण त्यात एक तत्त्व बसलं ते आपल्या फार कामाला आलं, की लांबचा माणूस लांब राहतो म्हणून त्याला जास्त भुर्दंड नाही. मुंबईतल्या दोन पेढ्यांमधल्या पत्रावर जे सुटायचं त्यातून आमच्या गावच्या पत्राचा खर्च निघायचा. मग १८७९ ला पोस्टकार्ड आलं, पाव आण्याचं. १८८० ला मनीऑर्डर पोस्टाकडे आली. १८८२ ला पोस्टाची बचत बँक. म्हणजे अवघ्या तीस वर्षांत पत्र, पैसे पाठवणं आणि पैसे साठवणं ही तिन्ही कामं एका खिडकीवर आली, आणि ती खिडकी खेड्यात नेणं हे त्यानंतरचं काम.

खेड्यात ती नेली कशी, हे नीट बघा. पगारी नोकर नेमून नाही नेली. गावात ज्याला लिहिता-वाचता येतं आणि ज्याचं पोट दुसऱ्या कशावर तरी चालतं असा माणूस शोधायचा, शाळामास्तर, दुकानदार, जमीनदार, आणि त्याला थोडा भत्ता देऊन दिवसातले काही तास पोस्टाचं काम करायला सांगायचं. आमच्या गावातही असंच. जुनी माणसं सांगायची की पोस्ट पहिल्यांदा शाळेच्या पडवीत होतं, मास्तरच पोस्टमास्तर, आणि दुपारच्या सुट्टीत पोरं पत्रं घेऊन वाडीवाडीत जायची. तेव्हा मुंबईहून टपाल बोटीने बंदरात यायचं आणि तिथून पुढे रनर डोक्यावर बॅग घेऊन चालत. पावसाळ्यात बोटी बंद, मग घाटावरून. नंतर एसटी आली आणि ड्रायव्हरच्या बाजूला टपालाची बॅग दिसायला लागली. सरकारी भाषेत या माणसांना एक्स्ट्रा डिपार्टमेंटल म्हणजे खात्याबाहेरचे म्हणायचे, लोक म्हणायचे ईडी. आता नाव बदललंय, ग्रामीण डाक सेवक. नाव सोडलं तर फार काही बदललेलं नाही, त्याच्यावर मी पुढे येतो.

मनीऑर्डरबद्दल मला सविस्तर लिहायचंय. माझे वडील गिरणीत होते, लालबागला एका खोलीत, म्हणजे गाळ्यावर, वीस-बावीस जण राहायचे, जेवण खानावळीत. पगार झाला की दुसऱ्या दिवशी पोस्टात लाइन. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे फॉर्म वडील भरायचे, आणि गावचा माणूस कोणी बरोबर नसला तर लोक जीपीओला, म्हणजे मुंबईच्या मुख्य पोस्टात जायचे, तिथे समोर पत्र लिहून देणारे बसायचे. ते जीपीओ बघितलंय ना तुम्ही, सीएसएमटीच्या बाजूचं, जॉन बेगने आराखडा केलेलं, १९१३ ला पूर्ण झालेलं, विजापूरच्या गोलघुमटासारखा घुमट असलेलं. आत उभं राहून वर बघितलं तर मान दुखते. त्या घुमटाखाली भरलेला फॉर्म आमच्या गावात जिथे पोचायचा तिथे एक लाकडी टेबल, एक पत्र्याची पेटी, लाखेची कांडी आणि एक शिक्का एवढंच. पण तो शिक्का जीपीओतल्यासारखाच गोल, त्यावर आमच्या गावाचं नाव आणि त्या दिवसाची तारीख. गावाचं नाव कुठल्या तरी सरकारी लोखंडावर कोरलेलं मी तेवढं एकच बघितलंय.

पोस्टमन आमच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून येताना लांबूनच हाक द्यायचा, “काकी गे, झिलाची मनिऑर्डर इली हा!” आजी हात पुसत बाहेर यायची. तो पायरीवर बसायचा, पाणी प्यायचा, आधी पैसे मोजून तिच्या हातात द्यायचा, मग तिला परत मोजायला लावायचा, मग शाईचं पॅड काढून अंगठा, आणि साक्षीला शेजारच्या काकांची सही. आणि मग खरी गोष्ट, फॉर्मच्या खालचं ते कुपन फाडून तो वाचून दाखवायचा. चार ओळींची जागा असायची त्याच्यावर. “तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. ५० पाठवले आहेत. २० सोसायटीत भरणे. माझी काळजी नसावी.” तो दोनदा वाचायचा, आजी दुसऱ्या वेळेला तोंडातल्या तोंडात त्याच्याबरोबर म्हणायची, आणि ते कुपन देव्हाऱ्याच्या मागे खोचून ठेवायची. एका मोठ्या गठ्ठ्याला सुतळी बांधलेली होती. आजी गेल्यावर तो गठ्ठा मी मुंबईला आणला.

त्या गठ्ठ्यात एक भोक आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांचा, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मी बारा वर्षांचा होतो, गावीच शिकत होतो. आमच्याकडे संप कळला तो पेपरातून नाही, तो पोस्टमनकडून. तो यायचा, पण लांबून हाक द्यायचा बंद झाला. दारात येऊन हळूच सांगायचा, “काकी, आज काय नाय.” पुढे पुढे त्याने आमच्या घरावरून जायचा रस्ताच बदलला, त्याला तोंड दाखवायला बरं वाटत नव्हतं असं त्यानेच नंतर सांगितलं. पण त्याच माणसाने त्या दिवसांत कितीतरी घरांची पोस्टकार्डं फुकट लिहून दिली, आणि आजीच्या बचत खात्यात साठलेले थोडे पैसे होते ते कसे पुरवून पुरवून काढायचे हे तिला सांगितलं. ते खातं पण त्यानेच मागे लागून उघडायला लावलं होतं. कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणून हिणवलं जायचं, अजून जातं. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. गिरणगावचा घाम आमच्या वाडीत धान्य होऊन पोचायचा, आणि तो पोचवणारी एकच वाट होती, आणि त्या वाटेवर माझ्या आठवणीत एकदासुद्धा एक रुपया कमी पडला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या मुलाचं म्हणणं की सगळं फोनवर होतं. पैसे पाठवणं होतं, खरंय, मी पण यूपीआय वापरतो. पत्र कोणी लिहीत नाही, तेही खरंय. तार १५ जुलै २०१३ ला बंद झाली, जुनी कागदी मनीऑर्डर २०१५ ला गेली. पण पोस्टात आज काय होतं हे बघायला आपण गेलोय का? आपण गावी जातो गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात, तेव्हा आपल्याला पोस्टाची गरज पडत नाही, म्हणून आपल्याला वाटतं ती कोणालाच पडत नाही.

गावात कायमची राहणारी माणसं कोण उरलीत ते मोजा. म्हातारे, एकट्या बायका, शाळेतली पोरं. २०२४ च्या पावसात लाडकी बहीण योजनेचे फॉर्म निघाले तेव्हा आधारला जोडलेलं खातं पाहिजे म्हणून बायकांची धावपळ झाली, बँक तालुक्याला, एसटी दिवसातून दोनदा. आमच्या पोस्टातल्या ताईने इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची खाती तिथल्या तिथे उघडून दिली, ही बँक २०१८ ला सुरू झालीय आणि खेड्यात तिची शाखा म्हणजे हेच पोस्ट. ज्या आज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी ती मशीन घेऊन जाते, बोट लावलं की पैसे हातात देते. आजही आधी मोजून देते आणि परत मोजायला लावते. आता ही सेवा फोनवर कशी होणार मला कोणीतरी सांगा, ज्या बाईला फोनचा पासवर्ड नातवाकडून टाकून घ्यावा लागतो तिने पैसे काढायला फोन द्यायचा कोणाकडे?

आणि कुरियर. गावच्या पत्त्यावर काहीही मागवा, कुरियरवाल्याचा फोन येतो, तालुक्याला आलंय, येऊन घेऊन जा. त्याचा दोष नाही, त्याला परवडत नाही. पण ज्याला परवडत नाही तो येत नाही, आणि पोस्ट परवडत नसतानाही येतं, कारण ते येणं हेच त्याचं काम म्हणून ठरवलेलं आहे. खेड्यात ब्रँच पोस्ट उघडायच्या सरकारी निकषातच हे मान्य केलेलं आहे, की साध्या भागात खर्चाच्या एक तृतीयांश उत्पन्न आलं तरी चालेल, डोंगराळ आणि आदिवासी भागात १५ टक्के आलं तरी चालेल. म्हणजे तोटा होणार हे पहिल्या दिवसापासून माहीत धरूनच पोस्ट दिलं जातं. शाळेचा तोटा आपण काढत नाही, रस्त्याचा काढत नाही, मग गावच्या पोस्टाचाच काय म्हणून काढायचा?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आमच्या जमिनीला लागून असलेल्या जमिनीची मोजणी निघाली. मोजणीच्या आधी लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. आमच्या सातबारावर अजून आजोबांचं नाव आहे, वारस लावायचं राहिलंय, हे मुंबईतल्या अर्ध्या चाकरमान्यांचं असंच आहे, तर ती नोटीस आली आजोबांच्या नावाने, रजिस्टरने, गावच्या पत्त्यावर. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झालीत, घराला कुलूप. पत्रावर ‘मयत’ असा शेरा मारून परत पाठवलं असतं तर नियमात काहीच चुकलं नसतं. पण ताईचा मला फोन आला. “दादानू, तुमच्या आजोबांच्या नावान रजिस्टर इला हा. ठेवू काय परत धाडू?” मी म्हटलं ठेव, आणि रात्रीची कोकणकन्या धरली. मोजणीच्या दिवशी मी बांधावर उभा होतो. नसतो तर आमची दोन कलमी झाडं आज शेजारच्यांच्या हद्दीत असती, आणि त्यांचाही त्यात काही वाईट हेतू नव्हता, जुनी खूण कोणालाच नीट आठवत नव्हती, मला तेवढी आठवत होती.

तिने माझ्या आजोबांना बघितलेलंसुद्धा नाही, तिचा जन्म त्यांच्या नंतरचा. पण तिला माहीत आहे ते नाव कोणाचं, त्यांचा मुलगा कुठे होता, नातू भांडुपला राहतो, त्याचा नंबर कोणाकडे मिळेल. मे २०२५ मध्ये डिजिपिन आला, त्यात सगळ्या देशाचे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांचा कोड दिलाय. अ‍ॅम्ब्युलन्सला, आगीच्या बंबाला त्याचा फार उपयोग होईल आणि मला ते मनापासून चांगलं वाटतं. पण त्या कोडने नोटीस आमच्या कुलपापर्यंत आली असती. कुलपाच्या पुढची वाट ताईला माहीत होती.

या रजिस्टरच्या बाबतीत अजून एक सांगायचंय. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलेलं नाही, ते स्पीड पोस्टमध्ये मिसळलं. स्पीड पोस्ट १९८६ पासून आहे, चांगली सेवा आहे, ट्रॅकिंग आहे, मला मान्य. पण रजिस्टर हे गरिबाच्या न्यायाचं साधन होतं. भाडेकरू, वाटेकरी, नवऱ्याने टाकलेली बाई, पगार बुडालेला कामगार, यांना वकील पहिलं काय सांगतो तर रजिस्टर एडी, म्हणजे पोचपावतीवालं रजिस्टर टाका. योग्य पत्ता लिहून, तिकीट लावून रजिस्टरने पाठवलं की ते पोचलं असं कायदा धरून चालतो, १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या २७ व्या कलमात ते आहे. रजिस्ट्रेशनचे १७ रुपये आणि वर वजनाचं तिकीट, अख्ख्या देशात एकच दर होता. ऑक्टोबर २०२५ पासूनचे स्पीड पोस्टचे दर बघा, ५० ग्रॅमपर्यंत त्याच शहरात १९ रुपये आणि बाहेर कुठेही ४७, वर जीएसटी, आणि ज्याचं त्यालाच द्यायचं असेल तर रजिस्ट्रेशनचे ५ रुपये वेगळे. वेग वाढला म्हणून दर वाढला असं सांगतात. पण नोटीस पाठवणाऱ्याला वेग नको होता, त्याला पुरावा पाहिजे होता, तोही स्वस्तात. पुस्तकांच्या बाबतीत ओरड झाल्यावर मे २०२५ मध्ये ज्ञान पोस्ट काढलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, चांगलं केलं. तसंच नोटिशीसाठी, कोर्टाच्या कागदासाठी एक हळू पण स्वस्त आणि सहीवाली सेवा ठेवायला काय हरकत होती? ती परत आणावी असं माझं स्पष्ट मत आहे, आणि हे मी मुंबईत बसून म्हणतोय जिथे १९ रुपयांत काम होतं. ४७ गावाकडून शहरात पाठवणाऱ्याला पडतात.

आता त्या ताईबद्दल. तिचं कागदावरचं पद ब्रँच पोस्टमास्तर, म्हणजे ग्रामीण डाक सेवक. पगार म्हणायचा नाही, त्याला भत्ता म्हणतात, कामाच्या तासांवर ठरणारा. २०१८ च्या सुधारणेनंतर चार तासांच्या ब्रँच पोस्टमास्तरला सुरुवातीला १२,००० आणि पाच तासांच्याला १४,५००, त्याच्यावर महागाई भत्ता. आणि ती सुधारणा पण त्यांच्यासाठी नेमलेल्या कमलेश चंद्र समितीचा अहवाल आल्यावर दीड वर्ष वाट बघून, मे २०१८ मध्ये देशभर संप केल्यावर मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये परत संप झाला. पोस्टाची जागा बघायची तिने. सरकारी नोकरासारखी पेन्शन नाही. वेतन आयोग त्यांना लागू होत नाही, त्यांच्यासाठी वेगळी समिती बसते. १९७७ साली सुप्रीम कोर्टाने राजम्मा यांच्या केसमध्ये सांगितलं की ही माणसं नागरी पदावर आहेत, त्यांना वाटेल तसं काढता येणार नाही. म्हणजे काढायची वेळ आली की सरकारी पद, आणि पेन्शनची वेळ आली की अर्धवेळ. जवळजवळ पन्नास वर्षं हे असंच चाललंय.

चार तास म्हणजे काय ते मी मे महिन्यात बघितलं. सकाळी बॅग यायची वाट, आली की उघडायची, नोंद करायची, मग मशीन चालू. आमच्या वाडीत रेंज नाही. मग ती पिशवीत मशीन, पैशांचा हिशोब आणि पाण्याची बाटली घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर जाते, तिथे एक जुना गडगा, म्हणजे दगडी कुंपण आहे, त्याच्या एका ठरावीक दगडावर उभं राहिलं की दोन दांड्या येतात. भर उन्हात ती त्या दगडावर उभी राहून लोकांचे आरडीचे हप्ते मशीनमध्ये चढवत होती, एका हाताने ओढणीची सावली स्क्रीनवर धरून. बाकीचं जग तेव्हा जेवून झोपलेलं. मी विचारलं रोज येतेस? म्हणाली, “पगार चार तासांचो, काम आख्ख्या दिवसाचा, पण लोकांचे पैशे अडकान ठेवून घराक कसा जाव?”

ही व्यवस्था मास्तर आणि दुकानदाराच्या काळात ठीक होती, कारण त्यांचं पोट दुसरीकडे चालायचं. आज तिच्याकडून बँकेचं काम घेता, विमा घेता, आधारचं काम घेता, टार्गेट देता, आणि हिशोब मात्र त्या पडवीतल्या मास्तरचाच लावता. भरती आता दहावीच्या मार्कांवर ऑनलाइन होते. लांबच्या जिल्ह्यातली हुशार पोरं लागतात, येतात, एवढ्या पैशांत परक्या गावात खोली घेऊन राहणं जमत नाही, वर्षभरात सोडून जातात. त्या पोरांचं काही चुकत नाही. पण दर वर्षी नवीन माणूस आला तर माझ्या आजोबांच्या नावाची नोटीस ‘मयत’ होऊन परतच जाणार. गावची ओळख ही पोस्टाची खरी दौलत आहे, आणि ती साठायला माणूस टिकायला लागतो, आणि माणूस टिकायला पूर्ण दिवसाचा पगार आणि म्हातारपणाची सोय लागते. आठवा वेतन आयोग बसलाय, या वेळेला ग्रामीण डाक सेवकांना त्याच्या बाहेर ठेवू नका ही मागणी आपण, ज्यांना पत्रं येतात त्यांनी करायला पाहिजे, नुसती त्यांच्या युनियनने नाही.

मला कोणीतरी विचारेल की पैसे कुठून आणायचे. १८५४ मध्ये जिथून आणले तिथूनच. शहरातल्या पार्सलवर पोस्टाला सुटतं, त्यातून. आणि जिथे नाहीच पुरलं तिथे सरकारच्या तिजोरीतून, कारण जी कामं ती ताई करतेय, अनुदान पोचवणं, म्हाताऱ्यांच्या हातात रोख देणं, ती सरकारचीच आहेत. त्याचा खर्च पोस्टाच्या नावावर टाकायचा आणि मग पोस्ट तोट्यात आहे म्हणायचं हा हिशोब सरळ नाही.

आणि आपलं, मुंबईकरांचं काय, त्याच्यावर मला जास्त बोलायचंय. आपल्या मंडळांनी गावात शाळा बांधल्या, विहिरी बांधल्या, देवळं बांधली, ते सगळं आपल्या बापजाद्यांनी गिरणीच्या पगारातून केलं आणि त्यातला पैसा न् पैसा पोस्टाच्या पिशवीतून गावात गेला. पोस्टाला आपण एक खिळासुद्धा दिलेला नाही, कधी मनातच आलं नाही, ते तिथे असायचंच. त्या मुलाला मी नंतर फोन केला, त्याचा राग नाही हे सांगायला. बोलता बोलता विचारलं, तुझी आजी पैसे कुठून काढते रे? तो थोडा थांबला, मग म्हणाला, काका, पोस्टवाली ताई घरी येते. मी काही बोललो नाही. तोच म्हणाला, जिमसाठी आपण शाळेच्या मागची जागा बघू.

पुढची सभा रविवारी आहे. ठराव मी लिहून ठेवलाय, अनुमोदक तोच मुलगा आहे. वाचनालयाची खोली पोस्टाला बिनभाड्याने द्यायची, छपराची कौलं पावसाच्या आधी परतायची, विजेचं बिल मंडळाने भरायचं, आणि पुस्तकांचं एक कपाट तिथेच राहू द्यायचं, त्याची चावी ताईकडे. सड्यावर जायला लागू नये म्हणून खोलीवर अँटेना बसवता येईल का हे विचारायला माझा भाचा जाणार आहे. सगळ्याचा खर्च मी काढलाय, सभामंडपाच्या फरशीपेक्षा बराच कमी येतोय.